‘डॉक्टर, फक्त वाफ द्या’

रात्रीचे साडेनऊ. दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलेलं असतं, कंपाउंडर हिशोब जुळवत असतो. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबते. मागे बसलेला माणूस उतरतो, दोन पायऱ्या चढतो आणि तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभा राहतो. खांदे वर ओढलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोलणं तुटक. “डॉक्टर... फक्त... वाफ द्या.”

आम्ही मास्क लावतो, मशीन सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत छाती मोकळी होते. चेहऱ्यावर रंग येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरं सांगायचं तर डॉक्टरलाही बरं वाटतं, कारण इतक्या झटपट यश देणारे आजार फार थोडे. मी म्हणतो, “उद्या सकाळी या, नीट बघू.” तो म्हणतो, “आता एकदम बरं वाटतंय, साहेब.” मोटारसायकल निघून जाते. सकाळी कोणी येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे घडलेलं असेल. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे दम्याचं ओझं पेशंटवर आणि दवाखान्यांवर इतकं जड झालंय, त्याचं मोठं कारण ही वीस मिनिटं आहेत. वाफ वाईट नाही, ती जीव वाचवते. पण वाफ घेतली म्हणजे उपचार झाला, असं पेशंट समजतो आणि आम्ही डॉक्टर त्याला तसं समजू देतो.

(जाता जाता, ती ‘वाफ’ नसतेच. नेब्युलायझर पाणी उकळत नाही, औषधाचे बारीक तुषार करतो. गरम पाण्याच्या भांड्यावर टॉवेल घेऊन बसणं आणि नेब्युलायझर यांचा एकमेकांशी संबंध नाही. भर झटक्यात गरम पाण्याची वाफ घेत बसू नका. उपयोग नाही, वेळ जातो आणि भाजण्याची भीती वेगळी.)

त्या वीस मिनिटांत नक्की होतं काय?

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, हा झाला झटका. आणि नळीच्या आतल्या अस्तराला सूज असते, ते लालसर आणि हुळहुळं झालेलं असतं, चिकट बेडका धरतं. ही सूज झटका नसतानाही असते. तुम्ही ऑफिसात बसलेले असता, लग्नात जेवत असता, तेव्हाही ती आत असते. मग धूळ, फोडणीचा ठसका, सर्दी, अगरबत्ती, थंड वारा असं काहीतरी निमित्त मिळतं आणि स्नायू आवळतात.

नेब्युलायझरमधलं किंवा निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं. असर चार ते सहा तास. सुजेला ते हातही लावत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं तेव्हा आपण खांदा मारून ते उघडतो, तसं हे. दार उघडतं, पण फुगलेलंच राहतं. सूज उतरवण्याचं काम करतं श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड, म्हणजे बुडेसोनाईड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन. ते पंपातून थोड्या मात्रेत, पण नियमित घ्यावं लागतं. त्याचा असर वीस मिनिटांत दिसत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणूनच ते कोणाला आवडत नाही. एकाला लगेच श्रेय मिळतं आणि दुसरं गपचूप काम करतं. माणसं लगेच दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतात, यात त्यांचा फार दोष नाही.

माझ्या रजिस्टरमधला एक पेशंट

तो ३१ वर्षांचा होता. भाजीचा टेम्पो चालवायचा. लहानपणी ‘बाळदमा’ होता, तो बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर ‘गेला’ आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी परत आला. अशा वेळेस दमा मुळात गेलेलाच नसतो, तो दबलेला असतो. तो माझ्याकडे यायचा, वाफ घ्यायचा, हसत जायचा.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, पहाटे साडेतीनच्या सुमाराला त्याला धाप लागली. (रात्रीच्या उत्तरार्धात श्वासनलिका तशाही थोड्या अरुंद होतात, म्हणून दम्याचे वाईट झटके बहुधा पहाटेचे असतात.) बायको म्हणाली, जाऊ या. तो म्हणाला, पंप मारलाय, उजाडेपर्यंत बसेल. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला बोलता येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी काढली. सरकारी रुग्णालय १८ किलोमीटरवर. तो तिथे पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

महिन्याभराने त्याची बायको काही कागदांसाठी माझ्याकडे आली. येताना एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली होती. घर आवरताना सापडलेले पंप, चार रिकामे आणि एक अर्धा, सगळे निळे. ती म्हणाली, “हे तुमच्या इथे कोणाला उपयोगी पडतील का, म्हणून आणले.”

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं. अकरा महिन्यांत सहा वेळा वाफ. मधे दोनदा दुसरीकडे ‘डेरी-डेक्सा’ची इंजेक्शनं घेतल्याचं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. स्टेरॉईडचा पंप मी त्याला एकदा लिहून दिला होता. तो त्याने घेतला का, हे पुढच्या एकाही भेटीत विचारलेलं नाही. चौथ्या भेटीत नुसतं लिहिलंय, ‘इन्हेलर चालू ठेवणे.’ कोणता, ते लिहिलेलं नाही. तो एक इन्हेलर चालू ठेवतच होता.

सहा वेळा तो माझ्यासमोर वीस-वीस मिनिटं तोंडाला मास्क लावून बसला होता. म्हणजे दोन तास. त्यातली दहा मिनिटंही मी त्याला त्याचा आजार समजावून सांगण्यात घालवली नाहीत. बाहेर गर्दी होती हे खरं आहे. ती रोजच असते.

हे मी पश्चात्तापाचं प्रदर्शन म्हणून लिहीत नाही. हा एकट्या माझ्या दवाखान्याचा प्रकार असता तर लेख लिहायचं कारण नव्हतं.

देशाचं रजिस्टर काय सांगतं

‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी पेशंट आहेत. जगातल्या दर १०० दमेकऱ्यांपैकी साधारण १३ भारतात राहतात. पण दम्याने मरणाऱ्या दर १०० जणांपैकी ४० हून जास्त भारतातले असतात. वर्षाला जवळजवळ दोन लाख मृत्यू. यातले काही बिडीच्या किंवा चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीचे असतील आणि दम्याच्या नावावर नोंदले गेले असतील, हे मला मान्य आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मृत्यूचं कारण लिहिताना हा घोळ होतो. ते वजा केलं तरी उरतं ते थोडं नाही.

आपल्या लोकांचा दमा जात्याच वाईट आहे म्हणून हे होतंय का? नाही. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच मिळालेलं नव्हतं. ज्यांची लक्षणं तीव्र होती, त्यांच्यातही ७० टक्क्यांचं तेच. आणि ज्यांना ‘तुम्हाला दमा आहे’ असं सांगितलं गेलं होतं, त्यांच्यातही रोज स्टेरॉईडचा पंप घेणारे १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे ज्या औषधाने हा आजार आटोक्यात राहतो, ते औषध दहातल्या नऊ जणांपर्यंत पोचलेलं नाही.

त्या औषधाने फरक पडतो याचा पुरावा जुना आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की वर्षभरात श्वासातून घ्यायच्या स्टेरॉईडचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसतशी दम्याने मरण्याची शक्यता डब्यागणिक २१ टक्क्यांनी घटत गेली. आणि उलट बाजू ब्रिटनची. तिथे दम्याने मेलेल्या १९५ जणांच्या केसपेपरची बारकाईने छाननी झाली आणि २०१४ मध्ये अहवाल आला. मृत्यूच्या वेळी ज्यांच्याकडे तात्पुरत्या आरामाचा पंप होता, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना आदल्या वर्षात असे १२ हून जास्त पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. आणि हे अशा देशात, जिथे उपचार फुकट आहेत आणि प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर आहे. तो अहवाल मी वाचला तेव्हा ती प्लास्टिकची पिशवी डोळ्यासमोर आली.

२०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांना आम्ही ‘जिना’ म्हणतो, स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका. दमा सौम्य असला तरी नाही.

‘पंपाची सवय लागते ना?’

हा प्रश्न मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. विचारणाऱ्यावर मी चिडत नाही, पण हा प्रश्न इन्हेलरबद्दलच का येतो, याचं मला कुतूहल आहे. बीपीची गोळी रोज घ्यावी लागते, तिला कोणी सवय म्हणत नाही. चष्म्याला म्हणत नाही. पंप मात्र चारचौघांत दिसतो. तोंडाला लावावा लागतो, फुस्स आवाज होतो आणि बघणाऱ्याला कळतं. गोळी पर्समध्ये लपते. मुलीचं लग्न ठरेपर्यंत ‘दमा’ हा शब्द केसपेपरवर नको म्हणणारे आईवडील मी पाहिलेत. लग्न झाल्यावर सासरी बाथरूममध्ये जाऊन पंप घेणाऱ्या मुलीही पाहिल्यात. त्यांच्यासाठी आम्ही डॉक्टरांनी सोयीचे शब्द शोधून ठेवलेत, ‘अ‍ॅलर्जिक खोकला’, ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’, ‘छाती नाजूक आहे’. भावना दुखावत नाहीत, पण छाती नाजूक असलेला माणूस रोज औषध कशाला घेईल?

आता ‘स्टेरॉईड’ या शब्दाची भीती. ती खोटी नाही, फक्त चुकीच्या ठिकाणी आहे. थोडा हिशोब करू. झटका वाढला की पोटातून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, साधारण ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. झाले २०० मिलिग्रॅम. बुडेसोनाईडच्या पंपाचा नेहमीचा कमी डोस असतो दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. वजनाने बघितलं तर पाच दिवसांच्या गोळ्यांएवढं स्टेरॉईड पंपातून घ्यायला वर्षाहून जास्त काळ लागेल. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे ही तुलना सरळसोट नाही. पण गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं आणि गिळलं गेलेलं बहुतेक यकृतात निकामी होतं. पंपाच्या कमी डोसाचा नेहमीचा त्रास म्हणजे घसा बसणं किंवा तोंडात पांढरी बुरशी येणं. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोही बराच टळतो.

उलट आयुष्यभरात गोळ्यांचे असे चार-पाच कोर्स झाले तरी हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो. म्हणजे जो माणूस स्टेरॉईडच्या भीतीने पंप टाळतो आणि दर सीझनला गोळ्या-इंजेक्शनं घेतो, तोच जास्त स्टेरॉईड घेत असतो. झटक्यात गोळ्या लागल्या तर मात्र घ्या, तेव्हा घाबरू नका. त्या लागूच नयेत यासाठी पंप आहे.

कोजागिरीच्या चांदण्यात खिरीतून मिळणारं दम्याचं औषध असो किंवा कोणीतरी दिलेल्या कागदी पुड्या, त्याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. खीर खायला माझी हरकत नाही, पंप बंद करायला आहे. आणि लेबल नसलेल्या पुडीने फारच जादू झाली तर जास्त काळजी करा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड कुटून घातलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

खर्च होतो तो चुकीच्या टोकाला

निवासी डॉक्टर असताना मी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या केल्या. पावसाच्या पहिल्या आठवड्यात आणि थंडीच्या सुरुवातीला नेब्युलायझरसमोर रांग लागायची. मशीन दोन आणि माणसं नऊ. कोणाला ऑक्सिजन, कोणाला सलाईन, दोघं-तिघं जमिनीवर गादी टाकून. अपघाताचा पेशंट आला की दमेकऱ्याचं स्टूल काढून घ्यायचं. आज मशीनं वाढली आहेत, रांग तीच आहे. यातले बहुतेक झटके टाळता येण्यासारखे असतात, म्हणजे त्या खाटा, तो ऑक्सिजन, त्या नर्सचे हात दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडले असते.

पेशंटच्या बाजूने हिशोब मांडा. तीन दिवस खाजगी रुग्णालयात ॲडमिट झालं की बिल हजारांत जातं. शिवाय पेशंटची मजुरी बुडते, सोबत राहणाऱ्याची बुडते, पोराची शाळा बुडते. स्टेरॉईडचा पंप महिन्याला काही शे रुपयांचा, जेनेरिक घेतला तर त्याहून स्वस्त. पण हे शे-दोनशे रुपये खिशातून द्यावे लागतात आणि ते हजार रुपये बऱ्याचदा विमा देतो. मेडिक्लेम असो की सरकारी योजना, पैसा सहसा ॲडमिट झाल्यावरच सुटतो. रोजच्या पंपाला कोणी पैसे देत नाही. पेशंटला पंप ओढायला शिकवण्यासाठी मी दहा मिनिटं घालवली, तर त्याचं बिल कोणत्या नावाने करायचं? वाफेचं बिल होतं. आम्हा डॉक्टरांचाही यात स्वार्थ गुंतलेला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

‘गरीब देशात हे असंच चालणार’, असं माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं दम्याची राष्ट्रीय मोहीम चालवली. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. लवकर निदान, पहिल्यापासून सूज उतरवणारं औषध, पेशंटला स्वतःचा आजार सांभाळायला शिकवणं आणि गावोगावच्या डॉक्टर, नर्स, औषध दुकानदारांना त्यात ओढणं, एवढंच. १९९३ मध्ये दम्यासाठी रुग्णालयात घालवलेले दिवस होते १ लाख १० हजार, २००३ मध्ये ते ५१ हजारांवर आले, आणि या काळात निदान झालेले पेशंट वाढले होते. पेशंटमागे वर्षाचा खर्च तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरला. औषधांवरचा खर्च वाढला, रुग्णालयाचा घटला. फिनलंड श्रीमंत आहे, लोकसंख्या थोडी आहे, मान्य. पण त्यांनी जे केलं त्यातलं महाग काय होतं?

आपल्याकडे कागदावर बरंच आहे. बुडेसोनाईड आणि बुडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल हे दोन्ही इन्हेलर अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. २०२३ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची कक्षा वाढली, तेव्हा त्यात दमा आणि सीओपीडी आले. मला हवंय ते एवढंच, की प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या जशा महिन्याच्या महिन्याला मिळतात, तसा स्टेरॉईडचा पंप आणि स्पेसर बाराही महिने मिळावा. आणि जशी बीपीच्या पेशंटची वही असते, तशी दमेकऱ्याची असावी. नेब्युलायझर वाटप शिबिरापेक्षा हे कमी फोटोजेनिक आहे, याची मला कल्पना आहे.

हवा खराब आहे, उसाची पाचट पेटते, बांधकामाची धूळ उडते, मग पंपाने काय होणार, असंही लोक विचारतात. हवा सुधारलीच पाहिजे, त्यासाठी भांडायलाही हवं. पण ती सुधारेपर्यंत श्वास तर घ्यायचाय.

तुम्ही काय करायचं

गेल्या चार आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्याने रात्री एकदा तरी झोपमोड झाली का? जिना, काम, खेळणं यांत अडथळा आला का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमचा दमा पूर्ण आटोक्यात नाही, मग तुम्हाला त्याची कितीही सवय झालेली असो. आणि वर्षात एकदा जरी वाफ घ्यावी लागली असेल, तर ती ‘एकदाच तर घेतली’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या झटक्याची ती पूर्वसूचना असते.

डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे पंप घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. यात लाज वाटून घेऊ नका. रोटाकॅपची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट मी दरवर्षी पाहतो, त्यात शिकलेलेही असतात. पावडरचा पंप जोरात आणि खोल ओढायचा असतो. फवाऱ्याचा पंप हळू ओढायचा असतो आणि त्याला स्पेसर लावला तर औषध घशात न बसता छातीत जातं. दोन्हींत आधी श्वास सोडायचा (पंपात नाही, बाहेर) आणि ओढल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असू शकतो. नाव वाचा. डॉक्टरांना सरळ विचारा, “यातला सूज उतरवणारा कोणता?” उत्तर ‘यात तो नाहीच’ असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

बुडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल असा एकत्र पंप हल्ली बारा वर्षांवरच्या अनेकांना रोजचा आणि गरजेचा असा दोन्हींसाठी देता येतो. पण सगळेच जोडपंप असे वापरता येत नाहीत. साल्मेटेरॉल असलेला झटक्यासाठी वापरायचा नाही. म्हणून हे आपल्या मनाने ठरवू नका.

झटक्यासाठी काय करायचं ते एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. झटका मध्यम असेल तर स्पेसरमधून एकेक करून घेतलेले साल्ब्युटामॉलचे चार ते दहा फवारे मशीनएवढंच काम करतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. पण एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर होत असतील, ऑक्सिमीटर ९२ किंवा त्याखाली दाखवत असेल, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर उजाडायची वाट पाहू नका. वाटेत पंप घेत राहा आणि निघा. आणि घरघर थांबली, माणूस शांत झाला, गुंगायला लागला, तर ते बरं वाटणं समजू नका. हवाच आत जाईनाशी झाली की घरघर थांबते.

माझ्या दवाखान्यात आता रजिस्टरला एक रकाना वाढवलाय, ‘या वर्षातली कितवी वाफ’. कंपाउंडर आधी तो भरतो, मग मशीन लावतो. दुसरा आकडा पडला की मास्क तोंडावर असतानाच मी समोर खुर्ची ओढून बसतो, कारण त्या वीस मिनिटांत पेशंट कुठे जाऊ शकत नाही. सगळ्यांना हे आवडत नाही. परवा एक जण मास्क बाजूला करून म्हणाला, “साहेब, पलीकडच्या गल्लीत एवढी चौकशी करत नाहीत.” बिल देऊन गेला. अजून परत आलेला नाही.